उजव्या हाताचं दान

रोह्याच्या रक्तपेढीत लतिकाने त्या दिवशी ज्या माणसाला वजनकाट्यावर उभं केलं, तो मुळात रक्त द्यायला आलेलाच नव्हता.

तो आला होता रक्तपेढी चालवणाऱ्या ट्रस्टच्या हॉलमधल्या मखराचं माप घ्यायला. पण लतिका सकाळपासून बाबाजी नावाच्या एका दात्याची वाट बघत होती, आणि हा नेमका दारात उभा राहिला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, नखांत पांढरी माती, आणि डोळे असे की जणू समोरच्या प्रत्येक वस्तूचं माप मनातल्या मनात काढतायत.

"उशीर केलात," लतिका म्हणाली. "चपला काढा. काट्यावर."

तो मुकाट चढला.

"चौसष्ट. न्याहारी केलीत?"

"दोन भाकऱ्या नि सुकटीची चटणी."

"पाणी?"

"वाटेत गडब गावाला गाडी थांबलेली, तवा प्यालो."

"कावीळ, मलेरिया, गेल्या सहा महिन्यांत गोंदवून घेतलंत?"

"नाय. गोंदवायला कोणाचं नाव लागतं ना... ते अजून ठरलं नाय."

लतिकाने मान वर केली नाही. तिने बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, औषध मिसळलं आणि मग फॉर्म पुढे ओढला.

"नाव?"

"निकेश पाटील. मुक्काम जोहे, तालुका पेण."

पेन थांबलं. "तुम्ही... बाबाजी नाही?"

"नाय. मी मखराचं माप घ्यायला आलोय, मॅडम. पण तुम्ही माझंच माप घेत सुटलात, तर म्हटलं घेऊ दे. एवढ्या आपुलकीनं कोणी घेत नाय."

लतिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अशा वेळी माणसाने माफी मागावी, पण ती पेणची मुलगी होती. पेणच्या माणसाला माफी मागण्यापेक्षा विषय बदलणं सोपं जातं. तिने काचेकडे बघितलं आणि ती खरोखरच विषय विसरली.

"तुमचा गट एबी आहे."

"वाईट का?"

"शंभरात सात-आठ जणांचा असतो. तुमचं लाल रक्त फक्त एबीवाल्यालाच चालतं. पण त्यातलं पिवळं पाणी, प्लाझ्मा म्हणतात त्याला... ते मात्र कुणालाही चालतं."

निकेशने यावर जरा विचार केला. "म्हणजे मी सगळ्यांना चालतो."

"तुमचं पाणी चालतं," लतिका म्हणाली.

ही गोष्ट त्या सालातली, ज्या साली भाद्रपद संपता संपता गावोगावचे गणपती चमच्याने दूध प्यायले. म्हणजे साल अद्भुतच होतं, आणि रक्तपेढीतलं यंत्रही काही कमी नव्हतं. पेढीच्या डॉक्टरांनी ते मुंबईहून आणलेलं, रक्ताची पिशवी गरगरा फिरवून लाल खाली आणि पिवळं वर करणारं. ते सुरू झालं की निम्म्या रोह्यातले पंखे मंदावत आणि कुंडलिकेतले मासे बावचळून काठाला लागत. खोटं वाटलं तर रोह्यात कुणालाही विचारावं.

शेजारच्या दवाखान्यात कोलाडची बायजा पडली होती, स्टो भडकून कमरेपर्यंत भाजलेली. भाजलेल्या माणसाच्या अंगातून हेच पिवळं पाणी पाझरून जातं, ते बाहेरून भरावं लागतं, हे लतिकाने निकेशला सांगितलं. मागितलं मात्र नाही. मागायचं नाही, माहिती द्यायची आणि गप्प बसायचं, असा तिचा नियम होता.

निकेशने मापाची पट्टी खिशात ठेवली आणि खाटेवर आडवा होऊन उजवा हात पुढे केला.

"आधी ऐका," लतिका म्हणाली. तिने सुईचं पाकीट त्याच्या डोळ्यांसमोर फाडलं. "ही कोरी आहे, बघून घ्या. कोऱ्या सुईने तुम्हाला कुणाचा रोग लागत नाही. आता मी एक पिशवी रक्त घेणार, ते फिरवणार, पिवळं ठेवून घेणार आणि लाल तुम्हाला परत देणार."

"परत? मग दान कसलं हे, ही तर उसनवारी."

"चेष्टा नको. परत देताना पिशवी बदलली, दुसऱ्याचं लाल तुमच्या अंगात गेलं, तर माणूस दगावतो. म्हणून पिशवीवर सही तुम्ही करायची. परत लावायच्या आधी ती सही तुम्हीच वाचायची. मी सांगते म्हणून नाही, डॉक्टर सांगतात म्हणूनही नाही. स्वतः वाचायची."

"नि माझा डोळा लागला असला तर?"

"मी जागं करीन."

"मग लागू दे," निकेश म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

तासाभराने लाल रक्त परत जात असताना तो जरा कावराबावरा झाला. "मॅडम... ओठ झिणझिणतायत."

"बोटं?"

"ती पण. तुम्ही जवळ आलात, तेव्हापासनं."

"ते माझ्यामुळे नाही," लतिका शांतपणे म्हणाली आणि तिने धार कमी केली. "रक्त गोठू नये म्हणून पिशवीत औषध असतं. ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. हे दूध प्या. पाच मिनिटांत जाईल."

तो दूध प्यायला. पाच मिनिटांनी तिने विचारलं, "गेलं?"

"बोटांतलं गेलं," निकेश म्हणाला.

*

तो आठव्या दिवशी पुन्हा आला. मखराचं माप चुकलं होतं म्हणे. माप घेतलं आणि खाटेवर जाऊन आडवा झाला.

"उठा," लतिका म्हणाली.

"अंगात पाणी भरून आलंय, मॅडम. खाडीकाठचा माणूस मी, आमच्याकडं काय पाण्याला तोटा?"

"पाणी दोन दिवसांत भरतं. त्यातलं प्रथिन भरायला वेळ लागतो. वरचेवर देत राहिलात तर पाय सुजतील, चक्कर येईल, आणि कुठला बारीकसा आजारही अंगावरून उतरणार नाही. आमच्याकडे महिन्याने. त्याआधी आलात तर चहा मिळेल."

"चहा कोण करतं?"

"शिपाई."

तरी तो चहा पिऊन गेला. जुलैत दिवस मोजून आला. ऑगस्टमध्येही आला, श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, भिजलेला, केसांतून पाणी निथळत. लतिकाने टॉवेल दिला आणि म्हणाली, "आज उजवा नको. तिथली शीर दोनदा टोचलीय. डावा द्या."

"उजवाच घ्या."

"का?"

"घ्या हो."

तिने घेतला. तिथेच ती चुकली. 'का' विचारलं होतं, तर उत्तर मिळेपर्यंत थांबायला हवं होतं. सुई शिरेत गेली, आणि तेवढ्यात निकेश म्हणाला, "तुम्हाला सगळे सिस्टर म्हणतात, पण मला काय ते म्हणवत नाय..." आणि आपल्याच बोलण्यावर हसला. हात हलला. सुई शिरेच्या पलीकडच्या बाजूने बाहेर निघाली. लतिकाने ती तत्क्षणी काढली, कापूस दाबून धरला, दहा मिनिटं सोडला नाही, बर्फ लावला.

"आज या हाताने काही उचलायचं नाही. गाडीत दांडा धरायचा नाही. दुखलं, सुजलं, मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी यायचं. कळलं?"

"व्हय."

त्याला कळलं होतं, पण रोहा-पेण गाडीत बसायला जागा नव्हती. नागोठण्यापर्यंत तो उजव्या हाताने दांड्याला लोंबकळला आणि घरी पोचल्यावर मातीची दोन पोती उचलून आत ठेवली.

*

पाच दिवसांनी डॉक्टर कपाळाला आठ्या घालून फोनवरून उठले. "आपला गणपती उशिरा येणार. जोह्याच्या कारखान्यातून फोन होता. डोळे आखणाऱ्याचा हात गेलाय म्हणे."

"कुठला आखणारा?" लतिकाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

फॉर्मवर त्याने 'धंदा' या रकान्यात लिहिलं होतं: गणपती. तिने ते वाचलं होतं, हसली होती आणि पुढचा रकाना भरला होता.

संध्याकाळी ती रोह्याहून पेणला आली, घरी न जाता तशीच जोह्याच्या गाडीत बसली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली, आणि गावात शिरलं की दर घराच्या पडवीत गणपती. पांढरे, पिवळे, अर्धे रंगवलेले. निकेशच्या कारखान्यात तीनशे होते. सोंड, मुकुट, पितांबर, सगळं तयार; डोळ्यांच्या जागी नुसता गुलाबी रंग. तीनशे आंधळे देव दाराकडे तोंड करून बसले होते.

निकेशचा हात कोपरापासून काळानिळा होता. त्याने तो पाठीमागे घेतला.

"मुंग्या कधीपासून?"

"रविवारपासनं."

"आणि आला नाहीत."

"आलो असतो तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्याची आई, धोंडुबाई, माती मळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आता लय चांगलं वाटलं असंल तिला. बस गो बाय. चा घेशील?"

लतिका पाटावर बसली. निकेशची तीन बोटं एकेक करून तिने टाचणीने टोचली. अंगठा ठीक. तर्जनी बधिर. मधलं बोट बधिर.

"मला एकच सांगा. तुम्ही डोळे आखता. याच हाताने. मी डावा मागितला होता. मग उजवा का दिलात?"

निकेशने आईकडे बघितलं. आईने त्याच्याकडे बघितलं. मग दोघांनी लतिकाकडे असं बघितलं, जणू विचारत होते, हिला घरी काही शिकवलंय की नाही.

"डाव्या हातानं दान कोन देतं गो?" धोंडुबाई म्हणाली.

सुईची जाडी, पिशवीतल्या औषधाचं प्रमाण, रक्तदाब, प्रथिनं, सगळं लतिकाला पाठ होतं. आणि माणूस हात पुढे करताना तो कुठला करतो, नि का करतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निकेशचा हात तपासला. रक्त आत झिरपून गाठ झालीय, ती नसेवर दाब देतेय. नस तुटलेली नाही. पंधरा दिवस लागतील, कदाचित महिना. चतुर्थीला उरले होते अठरा.

लतिकाने पेढीच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'दात्याला कामाचा हात कोणता ते विचारलं नाही. चूक माझी.' खाली सही केली. आणि त्या दिवसापासून तिथल्या फॉर्मवर शाईने एक नवीन रकाना पडला. डॉक्टर म्हणाले, "हे छापून घेऊ." लतिका म्हणाली, "आजच घेऊ."

*

निकेशचे डोळे म्हणजे काय होते, हे जोह्यात कुणीही सांगेल. त्याने आखलेल्या गणपतीसमोर हमरापूरच्या एका पुढाऱ्याने आरती चालू असताना तीन आश्वासनं जागच्या जागी मागे घेतली होती. आणि ऐन श्रावणात दुसरा आखणीवाला मिळणं म्हणजे लग्नसराईत भटजी मिळण्यासारखं. ज्याचे त्याचे हात ज्याच्या त्याच्या देवांत अडकलेले. चतुर्थीपर्यंत डोळे झाले नाहीत, तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्यात जाणार, आणि जोह्यात एकदा गेलेलं गिऱ्हाईक नातवाच्या मुंजीपर्यंत परत येत नाही.

"तुम्ही कशाला येता रोज?" तिसऱ्या संध्याकाळी निकेशने विचारलं.

"हात बरा होईपर्यंत येणार."

"नि नाय झाला तर?"

"होईल. गरम पाण्याची पिशवी इकडे द्या."

शेक, मग बोटांचा व्यायाम, मग टाचणी. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "डोळ्यात आधी काय भरता?"

"पांढरं. मग काळी रेघ. पांढरं कोणीबी भरेल, हात थरथरला नाय म्हणजे झालं. रेघ कोणालाबी जमत नाय."

"मग पांढरं मी भरते. हात बरा झाला की तुमची फक्त रेघ उरेल."

"तुम्ही?"

"मी दीड वर्षांच्या मुलाची शीर पहिल्या फटक्यात शोधते."

धोंडुबाईने ब्रश तिच्या हातात दिला. तसा कारखान्यात कुणी बाहेरचा देवाला हात लावत नसे, पण धोंडुबाई म्हणाली, "हिचा हात सुईचाच हाय. भर गो."

पहिल्या गणपतीचं पांढरं गालावर आलं. दुसऱ्याचं कानाकडे गेलं. निकेश शेजारी बसून डाव्या हाताने कापड पुढे करी. "पुसा. श्वास सोडून मग ब्रश टेकवा. घेताना नाय, सोडून. ...आता बरोबर." आठव्या गणपतीपासून तो गप्प बसला. गप्प बसणं ही त्याची शाबासकी होती, हे तिला एव्हाना कळायला लागलं होतं. बाहेर पाऊस पत्र्यावर तडतडत होता, ओल्या मातीचा आणि रंगाचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि निकेशचा खांदा तिच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर होता. ते बोटभर अंतर दोघंही फार काळजीने सांभाळत होते.

"मॅडम... एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही चूक निस्तरायला येता, का... मला बघायला?"

ब्रश थांबला. लतिकाने श्वास घेतला, सोडला आणि पांढरं भरलं. पेणच्या गाडीत ती तेच स्वतःला विचारत बसली. खिडकीतून थेंब आत येत होते, तरी तिने काच ओढली नाही.

*

शनिवारी ती जरा लवकर पोचली. निकेश विहिरीवर गेला होता, धोंडुबाई शेजारी. कारखान्याच्या मागच्या अंगाला काही गणपतींच्या तोंडावर फडकी टाकलेली दिसली. धूळ बसू नये म्हणून असतील, असं समजून तिने एक उचललं.

गणपतीने तिच्याकडे बघितलं.

काळी रेघ, वरची पापणी किंचित झुकलेली, कोपऱ्यात हसू. रंग अजून ओला. तिने दुसरं फडकं उचललं, तिसरं उचललं. मग तिन्ही होती तशी टाकली, बाहेर येऊन पाटावर बसली आणि निकेश आल्यावर नेहमीसारखी टाचणी काढली.

"कळतंय?"

"नाय."

"इथे?"

"नाय... काय कळत नाय."

"बरं," लतिका म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुन्हा आली.

रविवारी तिने टाचणी जरा जोराने टोचली. निकेशचा चेहरा हलला नाही. तिने आणखी जोराने टोचली. चेहरा दगडासारखा, पण हातावरचा एकूण एक केस ताठ उभा राहिला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कळतंय?"

"नाय," निकेश बारीक आवाजात म्हणाला.

लतिकाने टाचणी कुपीत ठेवली. कोपऱ्यातून काळ्या रंगाची वाटी आणली, बारीक ब्रश उचलला आणि त्याच्या बधिर म्हटलेल्या बोटांत ठेवला.

"आखा."

"मॅडम, ते..."

"आखा म्हणते ना."

समोरच्या गणपतीच्या पांढऱ्यावरून एक रेघ गेली. एकच. न थरथरता, न थांबता, पाण्यावरून बगळा जावा तशी. लतिकाने ती बघितली. मग ती उठली, पर्स घेतली आणि चालू लागली.

"आता जा की मागं, दगडा," धोंडुबाई म्हणाली.

निकेशने तिला नाक्यावर गाठलं. हातात ब्रश तसाच होता, आणि वाटेत भेटलेल्या दोन माणसांच्या सदऱ्यांवर काळे ओघळ उठले होते.

"गुरवारी बरा झाला," तो धापा टाकत म्हणाला. "सकाळी बोटांत जीव आला. तेव्हापासनं तुम्ही यायच्या आधी आखून घेतोय. तुम्हाला सांगितलं असतं तर... तुम्ही म्हणाला होता ना, बरा होईपर्यंत येणार."

"हो."

"मग बरा झालो असं कसं सांगणार?"

लतिका रस्त्याच्या दूरच्या वळणाकडे बघत होती. गाडीचा आवाज लांबून येत होता.

"मी खोटं बोललो ते चुकलं," निकेश म्हणाला. "पण एक खरं सांगतो. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी काट्यावर उभं केलंत, तेव्हापासनं. आता तुमची चूक निस्तरली, हात बरा झाला. उद्यापासनं यायचं कारण नाय. तरी... या, असं माझं म्हणणं हाय."

"काल तुम्ही विहिरीवर होतात," लतिका म्हणाली.

"व्हय."

"मी फडकं उचललं होतं. तीन उचलली. रंग ओला होता."

निकेशच्या चेहऱ्यावर गोष्ट हळूहळू उतरत गेली. "म्हणजे... काल कळलं तुम्हाला."

"काल कळलं."

"मग आज...?"

"आज आले," लतिका म्हणाली. "रात्रभर मी स्वतःला विचारलं, आता कशाला जायचं. कारण काही सापडलं नाही. सकाळी उठले, आंघोळ केली आणि गाडीत बसले. तुम्ही विचारलं होतं ना त्या दिवशी, कशाला येता म्हणून. हे उत्तर."

निकेशने ब्रश डाव्या हातात घेतला, उजवा पँटला पुसला आणि पुढे केला. लतिकाने तो धरला. आधी सवयीने नाडीपाशी, मग बोटांत बोटं घालून.

"आणि टाचणी लागली तेव्हा ओरडला का नाहीत?"

"तुम्ही टोचणं थांबवलं असतं."

गाडी येऊन थांबली. चिखलाचं पाणी दोघांच्या पायांवर उडालं. कंडक्टरने दार उघडून खाली बघितलं. एक बाई, एक ब्रश आणि एकमेकांत अडकलेले दोन हात.

"पेण. चढताय का बाई?"

"किती गणपती राहिलेत?" लतिकाने निकेशला विचारलं.

"दोनशेचाळीस. दिवस नऊ."

"नाही चढत," ती कंडक्टरला म्हणाली. "जाऊ द्या."

दोनदा घंटी वाजली. पुढची गाडी दीड तासाने होती. लतिकाने पदर खोचला, निकेशच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि कारखान्याच्या दिशेने त्याच्यापुढे चालू लागली.

"या लवकर," ती मागे न बघता म्हणाली. "पांढरं मी भरते, तुम्ही रेघ ओढा."